बोरतळच्या फाटकावरची सरुबाई

बोरतळला जायचं तर वाट एकच. येडशीकडून येणारा डांबरी रस्ता सोडायचा, खडीच्या रस्त्याला लागायचं, की पुढं रेल्वेचं फाटक. गावाच्या मागं बालाघाटाचा डोंगर आणि दोन्ही अंगांना खोल ओढे. त्यामुळं सासरी निघालेली लेक असो, खताची पोती असोत, बैलाला बघायला आलेला डॉक्टर असो की मतं मागायला आलेली जीप असो, सगळ्यांना त्या फाटकातूनच जावं लागे. आणि फाटकावर सरुबाई असे. अंगावर निळा सदरा, त्याखाली नऊवारी, हातात गुंडाळलेली हिरवी नि लाल झेंडी.

हा रस्ता सरुबाईनं स्वतः फोडलेल्या खडीचा होता. बहात्तरच्या दुष्काळात इथं सरकारी काम निघालं तेव्हा ती बाकीच्या बायांबरोबर उन्हात बसून खडी फोडायची. तिचा नवरा गुलाब रेल्वेच्या, रूळ सांभाळणाऱ्या ग्यांगमध्ये होता. रस्ता रुळांपर्यंत आला, म्हणून रेल्वेनं तिथं फाटक बसवलं, दगडी खोली बांधली आणि गुलाबला गेटमन केलं. तेरहून सरुबाई आपलं बिऱ्हाड घेऊन त्या खोलीत आली. मुक्ता तेव्हा कडेवर होती.

तीन-चार वर्षं बरी गेली. मग गुलाबला कावीळ झाली. झाडपाला झाला, सोलापूरचा दवाखाना झाला, पण तो हाती लागला नाही. रेल्वेनं त्याच्या जागी सरुबाईला घेतलं. बोरतळच्या पारावर हशा पिकला.

"आता बाईमाणूस गाडी थांबवनार म्हनं!"

"गाडी न्हाय, आपल्याला थांबवनार हाय."

आणि तसंच झालं. गुलाब मऊ माणूस होता. गाडी अजून लांब आहे असं कुणी म्हटलं, की तो फाटकाची साखळी काढायचा. सरुबाईपुढं तशी डाळ शिजत नसे. एकदा फाटक लागलं की गाडी गेल्याशिवाय उघडायचं नाही. बार्शी लाइटची अरुंद रुळांवरची छोटी गाडी, तिला वेळेचं सोयरसुतक नव्हतं. लोक उन्हात तिष्ठत बसत, बिड्या ओढत, सरुबाईला शिव्या देत. सरुबाई शिव्यांना उत्तर देत नसे. पण कुणाचं लेकरू रडायला लागलं, तर उठून गुळाचा खडा आणून द्यायची.

तिच्यावर सगळ्यात जास्त राग नानासाहेबांचा. ते गावातले मोठे बागायतदार, आणि नव्यानं निघालेल्या दूध डेअरीचे चेअरमन. डेअरीची गाडी फाटकावर अडली की दूध नासायची भीती. ते मोटारसायकल रेटत यायचे आणि ओरडायचे, "सरू, साखळी काढ! दूध नासलं तर तू भरून देनार का?"

"दूध नासलं तर उद्याच्याला पुन्हा निघंल, नानासाहेब. डायवर गेला तर कुठनं आनू?"

नानासाहेब दातओठ खात मोटारसायकल बंद करायचे.

सरुबाईकडंही एक म्हैस होती. फाटकाच्या कडंचं गवत खाऊन चांगली पोसलेली. एकदा सरुबाईनं डेअरीत दूध घालायचं विचारलं. नानासाहेब टोपी सारखी करत म्हणाले, "आगं, तू रेल्वेची. गावची रहिवासी न्हाईस. नियमात बसत न्हाय." नियम कुठला ते सरुबाईला कळलं. गुलाबच्या बापानं छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली होती. खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता. बोरतळची माणसं फाटकावर तासन् तास बसत, पण तहान लागली तरी तिच्या रांजणाकडं बघत नसत. फार झालं तर ओंजळ धरत आणि वरून ओतायला सांगत. सरुबाई म्हणायची, "तांब्या हाय. प्यायचं तर तांब्यानं प्या, न्हायतर गावात जाऊन प्या." पुढं तिनं डेअरीचा विषय काढला नाही. दूध घरात खपे, उरेल त्याचं तूप होई.

ऐंशी सालच्या वैशाखात नानासाहेबांच्या थोरल्या लेकीचं, चांगुणाचं लग्न निघालं. नवरदेव तेरखेड्याचा. तेरखेडा फटाके करणारं गाव, तिथलं वऱ्हाड म्हणजे दारूकामाला तोटा नाही. वऱ्हाड ट्रकमधून आलं आणि नेमकं फाटक लागलेलं. लातूरकडून कुर्डुवाडीला जाणारी गाडी यायची होती. ऊन असं की रुळांकडं बघवत नव्हतं. माणसं ट्रकमधून उतरली, वाजंत्र्यांनी ताशे गरम करायला घेतले, आणि नवरदेवाच्या मामानं पिशवीतून सुतळी बॉम्ब काढले. बब्रुवान त्याचं नाव. माणूस हौशी, पोट सुटलेलं, फेटा गुलाबी.

सरुबाई धावत गेली. "पाव्हनं, हिथं फटाके वाजवू नगा. गाडी येतीय. डायवर भलताच अर्थ काढंल."

"कसला अर्थ?"

"फुडं धोका असला की आमी रुळावर फटाका बांधतो. चाकाखाली वाजला की गाडी थांबवायची, असा कायदा हाय."

बब्रुवाननं मान डोलावली. "बरं बरं, बाई." पण सरुबाई झेंडी घेऊन आपल्या जागी गेली, वळणावर धूर दिसला, आणि बब्रुवानला राहवेना. इंजिन फाटकात शिरायला आणि बॉम्ब फुटायला एकच गाठ पडली. धडाम! धडाम! ड्रायव्हरनं ब्रेक मारला. गाडी किंचाळत, खडखडत पुढं सरकली आणि थांबली ती अशी, की इंजिन फाटकापलीकडं आणि डबे बरोबर रस्त्यावर आडवे.

गार्ड हणमंतप्पा उडी टाकून धावत आला. सगळा प्रकार कळल्यावर त्यानं कानडीत जे काही म्हटलं ते बब्रुवानला समजलं नाही, पण पोचलं. गाडी पुन्हा सुरू करायला गेले तर पुढं येडशीकडचा चढ. म्हाताऱ्या इंजिनात वाफ कमी, पाणी त्याहून कमी. दोनदा हिसका दिला, तिसऱ्यांदा नुसतीच उसासा टाकल्यासारखी शिटी वाजली. दुसरं इंजिन आल्याशिवाय गाडी हलायची नाही, असं ठरलं. हणमंतप्पानं एक माणूस सायकलवर पुढच्या स्टेशनला पिटाळला.

रुळांच्या अलीकडं नवरदेव, पलीकडं नवरी, आणि मधे गाडी. मुहूर्त दुपारचा.

बातमी गावात गेली तसे नानासाहेब धापा टाकत आले. सोबत सोयरेधायरे, भटजी आणि नानासाहेबांची बायको कस्तुराबाई. डब्याच्या पलीकडून नानासाहेब गरजले, "सरू! गाडी काढ आधी!"

"गाडी काय माझ्या दावनीची म्हैस हाय का, कासरा सोडला की निघाली?" इकडून सरुबाई म्हणाली. खिडक्यांतली माणसं हसली. नानासाहेबांना त्याही घाईत हसू आलं असावं, कारण पुढचा आवाज जरा खाली आला. "मग काय करायचं ते सांग की."

काहीजण डब्यांखालून सरपटत जायच्या बेतात होते. सरुबाईनं लाल झेंडी काठीसारखी आडवी धरली. "खालनं कुनी जायचं न्हाय. गाडीचा भरवसा न्हाय, कवाबी हिसका देईल." मग ती हणमंतप्पाकडं गेली. "सायेब, डब्यातनं जाऊ द्या मान्सं. एका दारानं चढतील, दुसऱ्यानं उतरतील." हणमंतप्पानं घाम पुसला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "लग्न अडवून मी पाप कशाला घेऊ?"

सरुबाईनं खोलीतली लाकडी पेटी आणून डब्याच्या दाराशी पायरी म्हणून ठेवली. पलीकडच्या दाराशी गावातल्या पोरांनी दगड रचले. वऱ्हाड चढायला लागलं. म्हाताऱ्यांना हात देऊन चढवलं. ताशेवाल्याचा ताशा दारात अडकला. नवरदेव मुंडावळ्या सावरत, बाकावरच्या प्रवाशांचे पाय ओलांडत निघाला, आणि एका आजीनं त्याच्या हातात तिथंच शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

माणसं चढायची वाट बघत होती आणि घसा कोरडा पडत होता. तेरखेड्याच्या मंडळींना सरुबाई कोण, काय, ठाऊक नव्हतं. तिनं रांजणावरचं झाकण काढलं, ते तांब्या घेऊन प्यायले. गाडीतले प्रवासी प्यायले. दर चार-पाच दिवसांनी इंजिनातून तिला दोन पिंपं पाणी मिळे, ते सगळं तिनं त्या दुपारी बाहेर काढलं. तान्ही लेकरं घेऊन आलेल्या बायांना तिनं सकाळचं दूध तापवून दिलं. पाहुण्यांचं स्वागत करायला कस्तुराबाई डब्यातून इकडं आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकले होते. विहीण समोर बसून सरुबाईच्या तांब्यानं पाणी पीत होती. विहिणीनं तांब्या पुढं केला. "घ्या की, गार हाय."

कस्तुराबाई क्षणभर थांबली. सरुबाई चुलीकडं बघत राहिली. कस्तुराबाईनं तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सरू, आजून एक दे."

तेवढ्यात भटजी घड्याळ दाखवायला लागले. गाव अर्ध्या कोसावर. एवढं लटांबर चालत जाणार कधी, मुहूर्त गाठणार कधी? कस्तुराबाई पुन्हा पलीकडं उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "पोरीला हिथंच लिंबाखाली आना. बैलगाडीतनं."

नानासाहेबांच्या मागून एक भाऊबंद पुटपुटला, "लगीन सरूच्या दारात लावायचं म्हंता?"

कस्तुराबाई गर्रकन वळली. "दार रेल्वेचं हाय. लिंब देवाचा हाय. मुहूर्त भटजीचा हाय. यात तुमचं काय हाय ते सांगा, म्हंजी ते तेवढं बाजूला काढून ठिवू."

भाऊबंद बैल जुंपायला पळाला. चांगुणा बैलगाडीतून आली. फाटकापलीकडच्या लिंबाखाली अंतरपाट धरला. गाडीतल्या माणसांना अक्षता वाटल्या. मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजींचा आवाज बसला, तर खिडकीतल्या एका मास्तरानं पुढचं कडवं उचललं. 'सावधान' म्हटलं की सगळ्या डब्यांच्या खिडक्यांतून अक्षतांचा पाऊस पडे. ड्रायव्हरनं उरलीसुरली वाफ खर्चून शिटी वाजवली. बब्रुवानच्या पिशवीत अजून बॉम्ब होते, पण पिशवी हणमंतप्पाच्या मांडीखाली होती.

सरुबाई इकडच्या बाजूला रुळांपाशी झेंडी धरून उभी होती. तिच्या लग्नात एवढी माणसं नव्हती. दोन चाकांच्या मधून तिला चांगुणाची पावलं दिसत होती, मेंदी लावलेली, जोडवी घातलेली. या पोरीला तिनं फाटकावर कितीदा थांबवलं होतं, शाळेत जाताना. पोरगी चिडायची, जीभ दाखवायची. सरुबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं झेंडीलाच पुसलं.

जेवण गावातून बैलगाड्यांत आलं. लापशी, भात, वरण. नानासाहेबांनी प्रवाशांनाही वाढायला लावलं, "माझ्या लेकीच्या लग्नात कुनी उपाशी ऱ्हायला नगं." दिवस मावळायच्या आत कुर्डुवाडीचं इंजिन आलं आणि गाडी निघाली. प्रवासी हात हलवत होते. नवरी सासरी निघाली ती मोकळ्या फाटकातून, ट्रकमध्ये बसून.

गोष्ट इथं गोडीत संपली असती. पण आठवड्यानं रेल्वेचे साहेब चौकशीला आले. गाडी का थांबली? सरुबाईनं घडलं तसं सांगितलं. फटाके कुणी वाजवले? तेही सांगितलं. बब्रुवानला कुर्डुवाडीला बोलावून चांगलंच झापलं. नानासाहेब तणतणत फाटकावर आले.

"माझ्या व्याह्याच्या घरचं नाव घेतलंस? येवढं सगळं झाल्यावर?"

"त्यांनी इचारलं, म्या सांगितलं."

"म्हाईत न्हाय म्हनायचं!"

"आज तुमच्यासाठी खोटं बोलले, तर उद्या गाडी लांब हाय म्हनून खोटं बोलंन. मग तुमची चांगुना म्हायेराला येताना म्या फाटक उघडलं, तर तुमाला भरवसा वाटंल का?"

नानासाहेब आल्या पावली माघारी गेले. महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत, फाटकावर थांबले तरी डोंगराकडं तोंड करून बसत. घरी कस्तुराबाई मात्र त्यांना सुखानं जेवू देत नव्हती. "तिचं पानी म्या पिलं," ती म्हणायची. "तिच्या दुधानं तुमच्या पाव्हन्यांची लेकरं गप झाली. आन डेअरीत तिचं दूध चालत न्हाय? ह्यो कसला नियम?"

मृगाच्या सुमारास एका सकाळी डेअरीची गाडी फाटक उघडं असूनही थांबली. नानासाहेब खाली उतरले. टोपी सारखी केली. "म्हशीला दूध कितीक हाय?"

"हाय की. पन म्या रेल्वेची."

"आता लई तानू नगस," नानासाहेब म्हणाले. "चरवी आन."

दोन घरांनी त्यावरून डेअरीत दूध घालणं बंद केलं. पावसाळा संपेस्तोवर त्यांच्या बायांना रोजच्या ताकाचा कंटाळा आला, मग ती घरंही परत आली.

सरुबाई पुढं पाच वर्षं त्या फाटकावर होती. मग ढोकीला स्टेशनजवळ बदलीची जागा निघाली. तिथं नळ, वीज, आणि मुक्ताला हायस्कूल. तिनं लगेच होकार दिला. बोरतळला याचा राग आला. पारावर म्हणू लागले, "आमाला टाकून चालली." सरुबाईला हसू आलं. एवढी वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली, आणि आता हक्क सांगत होते.

तिचं सामान नानासाहेबांच्याच बैलगाडीतून गेलं. म्हैस मागं बांधलेली. चांगुणा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. ती लेकरू घेऊन आईबरोबर फाटकापर्यंत आली. कस्तुराबाईनं सरुबाईच्या हातात हिरवं लुगडं ठेवलं.

सरुबाई म्हणाली, "आवो, हिरवं? मला?"

"नेस गं," कस्तुराबाई म्हणाली. "ढोकीत तुला कोन वळखतंय."

सरुबाईनं लुगडं गाठोड्यात घातलं, लेकराच्या गालावरून बोटं फिरवली आणि गाडीत चढली. मुक्ता पुढं गाडीवानाशेजारी बसून बैलांना हाकत होती.