आगीतलं पाणी

लेक बारा दिवसांची होती आणि नेपरव्हिलच्या ऐन जानेवारीत आमची घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली. नवरा ऑफिसच्या कामाने दुसऱ्या गावी. मेकॅनिक तळघरात गेला, पाच मिनिटांत वर आला आणि म्हणाला, ही गेली, नवीनच घाला. भलामोठा आकडा सांगितला. दुपारी कागद घेऊन येतो म्हणाला. तोवर लेकीच्या नाकाचा शेंडा गार लागायला लागला होता. मी सही करणारच होते. रास्त किंमत किती ते मला कुठे ठाऊक होतं! मी नुसती घाबरले होते.

आई माझं बाळंतपण करायला आलेली, बाबा तिच्यासोबत. बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. इथे आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा. ते तळघरातून हलेनात.

"अगं, हिच्या तळाशी पाणी साठलंय. कुठून आलं असेल, सांग?"

"बाबा, प्लीज! आत्ता तास घेऊ नका."

ते कानटोपी चढवून बाहेर गेले. फर्नेसचं पाणी वाहून नेणारा पाइप भिंतीतून अंगणात निघत होता आणि त्याच्या तोंडाशी बर्फाचा बोळा बसला होता; पाणी आत तुंबून फर्नेस बंद पडली होती. आत येऊन त्यांनी माझी कंबर शेकायची रबरी पिशवी उचलली, गरम पाण्याने भरली आणि मफलरने पाइपला बांधली. तीनदा पाणी बदललं. शेवटी बर्फाचा तुकडा निखळला, मागून पाणी वाहिलं आणि खाली फर्नेस धडधडायला लागली. मी उभ्याउभ्या रडले.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने बांधलेला मफलर बघितला. "बाहेर मी बघितलंच नाही," असं त्याने सरळ कबूल केलं. पाइप घरातल्याच मोरीकडे वळवून दिला आणि तेवढ्याच कामाचे पैसे घेतले. कागद न उघडता परत नेले.

तो काम करत होता तोवर पाइपाखाली बादली ठेवली होती. तो गेला तरी बाबांनी ती पाइपाच्या नव्या तोंडाखाली राहू दिली आणि तिच्याजवळच बसून राहिले. फर्नेसच्या आत निळी ज्योत, आणि बाहेर बादलीत टपटप पाणी.

"छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, गॅस जळताना पाणी होतं म्हणून," ते म्हणाले. "आज बादलीत बघतोय."

त्यांच्याच वर्गात मी ते घोकून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तरी अंगावर काटा आला. इतके दिवस हे पाणी माझ्या पायाखाली तयार होत होतं, आणि बाबाही घरात होते. मी लेकीला घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

"बाबा," मी म्हटलं, "आता घ्या तास."