शेठचा उंदीर आणि माझी निर्जळी

चहा घ्या, पण हसायचं नाही हं! एका उंदरापायी मी मरता मरता वाचलो. तोही आपला गिरगावचा नव्हे, थेट अमेरिकेच्या वाळवंटातला!

कुणा जहाजाच्या कप्तानाने तो आमच्या पारशी शेठला भेट दिलेला. शेठ माथेरानला निघाले आणि पिंजरा माझ्या हाती ठेवला. "मूठभर बाजरी दे, आतल्या पेटीत कोरडी रेती ठेव. बस!" पाण्याचं नावच नाही! मला वाटलं, घाईत विसरले. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात, हो की नाही?

उंदीर मोठा गोड. दिवसभर झोपायचा, तिन्हीसांजेला उठून लांब पायांवर टुणटुण उड्या मारायचा. पाण्याच्या वाटीला मात्र तोंड लावीना.

"नळाचं ना ते? नळात चामड्याची चकती असते, विटाळ तो, मेल्या! मुक्या जिवालाही कळतं," शेजारच्या यमूकाकू म्हणाल्या. त्या स्वतः नळाचं पाणी पीत नसत.

पटलं की हो मला! वाडीतल्या विहिरीचं आणलं. तेही नको. मला तर रडूच आलं. म्हटलं, तू पिईपर्यंत मीही थेंब घेणार नाही!

"अहो, उंदरासाठी कुणी निर्जळी करतं का?" बायको म्हणाली.

"पाहुणा तहानलेला असताना माझ्या घशाखाली उतरेल का?"

वैशाखाचं ऊन ते! दुसऱ्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि तिन्हीसांजेला पाहतो तर उंदीर वाळूत गडबडा लोळतोय, पाय झाडतोय!

धावलो काकूंकडे. "काकू, तुमच्या गडूतली गंगा द्या!"

"उंदराला? माझ्या शेवटच्या घटकेसाठी ठेवलीय ती!"

"अहो, जीव जातोय हो त्याचा!"

काकूंचे डोळे भरले. काशीहून आणलेला मोहोरबंद गडू त्यांनी खरंच फोडला. मी तो घ्यायला हात पुढे केला आणि तिथेच कोसळलो.

डोळे उघडले तेव्हा बायको रडत होती, काकू माझ्याच तोंडात गंगा घालत होत्या, आणि पिंजरा न्यायला आलेले शेठ दारात पगडी काढून उभे!

"शेठ, उंदीर गेला हो..." मी कसाबसा बोललो.

"अरे डिकरा, ते तर मजेत हाय! रेतीत लोळते ती त्याची आंघोळ. पाणी ते पितेच नाय. सुक्या दाण्यातूनच त्याच्या अंगात पाणी बनते. पण तुला काय झाला?"

बायकोने माझ्या निर्जळीची हकिकत सांगितली. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "शेठ, उंदीर शहाणा आहे, खुशाल न्या. पण ह्याला कसं पाळायचं, तेवढं आम्हाला सांगून जा!"