व्याह्यांचा तिसरा डबा

मुलाने पटकन बरोबर उत्तर दिलं की ज्याचा चेहरा पडतो असा शिक्षक अख्ख्या वसई तालुक्यात एकच आहे, आणि दैवयोगाने तो माझा व्याही आहे. चुकलेल्या पोराला मात्र ते असं जवळ घेऊन बसवतात, की बाकीच्यांना आपण चुकलो नाही याचंच वाईट वाटावं. मी फुलपाड्यातल्या फ्लॅटमध्ये राहणारा निवृत्त हेडक्लार्क. उत्तर आलं की खाली रेघ मारायची आणि फाइल बंद करायची, एवढंच मला ठाऊक. लेक यांच्या घरी दिली तेव्हा पत्रिका जुळली होती, पण व्याह्यांची पत्रिका बघायची आपल्यात पद्धत नाही.

तसे ते शिक्षक नव्हेतच. उभा जन्म वसई पूर्वेच्या एका कारखान्यात नळाच्या तोट्या तपासण्यात गेला. एक पेटी पास झालेल्या तोट्यांची, एक नापासांची, आणि एक ‘पुन्हा बघू’ची. निवृत्त झाल्यावर तोट्या संपल्या, पण तपासायची खोड काही जाईना. मग भुईगावच्या घराच्या ओटीवर संध्याकाळी आळीतली पाच-सहा वर्षांची पोरं जमवायला सुरुवात केली. बिस्किटांचे तीन रिकामे डबे मांडले. ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘बघून सांगतो’. मुलांनी उत्तर चिठ्ठीवर लिहायचं किंवा काढायचं आणि कुठल्या डब्यात टाकायचं ते स्वतःच ठरवायचं. स्वतः न पाहता दिलेलं उत्तर, मग ते सोळा आणे बरोबर का असेना, तिसऱ्याच डब्यात जायचं. एकदा जड काय, नारळ की पपई, आणि मग बुडतं काय, यावरून वर्ग उठला तो वाडीतल्या बावखलाच्या काठी गेला. दिवेलागणीपर्यंत त्या तळ्यात नारळ, पपई, लिंबू, दगड आणि शेवटी व्याह्यांची एक चप्पल इतक्या वस्तू पडल्या. चप्पल अजून वर आलेली नाही. “पण उत्तर मिळालं की नाही?” असं ते मलाच विचारतात.

या शिक्षणाचा प्रसाद गावाला मिळू लागला. पाचूबंदरची मासळीवाली मावशी टोपली घेऊन दारात आली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, “घ्या, ताजा सरंगा हाय.” वर्गातल्या पाच वर्षांच्या एका चिमुरडीने कमरेवर हात ठेवून विचारलं, “कशावरून?” मावशीने टोपली खाली ठेवून सरंग्याचे कल्ले उघडले. “ये, बघ. लाल हाय ना? बोटानं दाब. खड्डा ऱ्हातो का? नाय ना? आता टाक तुझ्या डब्यात!” त्या दिवसापासून ती आठवड्यातून एकदा येते आणि व्याही तिला पाहुण्या शिक्षिकेचा मान देऊन चहा पाजतात. चर्चच्या रविवारच्या वर्गात गोष्ट सांगताना फादरांनाही एका पोरीने “हे बघून सांगते” असं ऐकवलं. फादर भले माणूस. बाजारात भेटले तेव्हा व्याह्यांना एवढंच म्हणाले, “थोडं आमच्यासाठी ठेवा हो, सगळंच तपासू नका.” आणि मी चहात एकच चमचा साखर घेतो हे माझ्या बायकोला इतकी वर्षं पटलेलं होतं, ते आमच्या नातीने एका सकाळी “नाना, तीन,” एवढ्या दोन शब्दांत निकालात काढलं.

ही नात आमची दोघा व्याह्यांची. राहते व्याह्यांकडे, म्हणजे तालीम अष्टौप्रहर. तिच्या शाळाप्रवेशाची वेळ आली. शाळा नावाजलेली. फॉर्मसाठी माझी लेक पहाटेपासून रांगेत उभी राहिली होती आणि तिने वर्षभर दुसरं स्वप्न पाहिलं नव्हतं. शाळेत मुलाखत घेत नाहीत, नुसत्या गप्पा मारतात. गप्पांत बाईंनी समुद्राचं चित्र पुढे ठेवलं आणि रंगपेटी दिली. नातीने शांतपणे तपकिरी खडू उचलला. बाई म्हणाल्या, “बाळा, नीट बघ.” नात म्हणाली, “मी बघितलाय. तुम्ही बघितलाय?” मुलगी चुणचुणीत आहे पण पाया कच्चा आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा आणा, असं शाळेने कळवलं.

लेक फोनवर रडली. मी तडक भुईगाव गाठलं आणि सोयरीक बाजूला ठेवून बोललो. व्याही म्हणाले, “व्याहीबुवा, आपला समुद्र तुम्ही पाहिलाय ना? कसा आहे?”

“गढूळ आहे. पण तो परीक्षेतला समुद्र नाही. तुमच्या डब्यांपायी पोरीचं वर्ष जाईल, आणि माझी लेक ते जन्मभर विसरायची नाही.”

ते डबे एकावर एक रचायला लागले. वादात ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

पुढच्या शनिवारी गेलो तर घरी आजोबाही नाहीत आणि नातही नाही. समुद्रावर गेलेत, असं कळलं. सुरूच्या झाडांपाशी पोचलो तेव्हा ती दोघं वाळूत बसलेली दिसली. व्याही समुद्राकडे पाठ करून बसले होते. मांडीवर रंगपेटी. “समुद्र कसा?” त्यांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, “निळा.”

“पण आजोबा, मागे बघा ना.”

“शाळेत निळा.”

“कशावरून?”

त्यांनी पेटीतला निळा खडू काढून तिच्या हातात दिला. मग ते म्हणाले, “आजोबा सांगतात म्हणून.”

पुढे होऊन “राहू द्या” म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे होता, आणि खरं सांगायचं तर मला हवं होतं तेच घडत होतं. प्रवेश मिळाला, पेढे वाटले. ओटीवरचा वर्ग अजून भरतो. नात त्यात बसत नाही, तिला शाळेचा गृहपाठ असतो. तिच्या वहीत आता पानोपानी बाईंनी दिलेल्या शाबासकीच्या चांदण्या आहेत आणि व्याही त्या वहीचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक करतात.

परवा त्यांच्या अंगणात उभा होतो. आभाळ दाटून आलं होतं. सहज नातीला विचारलं, “काय गं, पाऊस येईल का?” तिने वर पाहिलंच नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट निरखून, आणि म्हणाली, “नाना, तुम्हाला काय वाटतं?” मला फार वाईट वाटलं. व्याही केळींना पाणी सोडत होते. त्यांच्या कानावर ते गेलं असावं, कारण ते तसेच चिखलाच्या हातांनी आले, तिची हनुवटी हलकेच धरली आणि तिचं तोंड आभाळाकडे केलं. तिच्या गालाला चिखल लागला, तरी कोणी पुसला नाही. आम्ही तिघंही बराच वेळ वर बघत उभे राहिलो.