तक्त्यात उरलेली वर्षं

विमा कंपनीत मी दिवसभर ‘अपेक्षित आयुर्मान’ हा शब्द चघळते. पण तो खरा कळला तो स्मृति नगरच्या आमच्या घरी, बाबांच्या हट्टापायी.

बाबा निवृत्त होईपर्यंत भिलाईच्या कारखान्यात भट्टीवर होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आईलासुद्धा ते आवाजावरून ओळखायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र एकच पालुपद. माणसाचं सरासरी आयुष्य किती, हे त्यांनी बातम्यांत ऐकलं होतं आणि ते वय त्यांनी कधीच ओलांडलं होतं.

“लाइनिंगची लाइफ झाली का भट्टीवर कोनी मेहनत नाई करत,” ते म्हणाले. “मायीबी झाली. आता डोळे कायले?”

भट्टीच्या आतल्या विटांचं अस्तर ठरावीक वापरानंतर मोडीत काढायचं, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. तोच ते स्वतःला लावून बसले होते. मी अशी भडकले की लॅपटॉप उघडून आमच्या कंपनीचा, कुठल्या वयाला सरासरी किती वर्षं उरतात तो तक्ताच वाचायला घेतला.

“बाबा, तो बातमीतला आकडा आत्ता जन्मलेल्या बाळाचा. त्यात तान्हेपणी गेलेले, तरुणपणी गेलेले, सगळे धरलेत. तुम्ही त्यातून पार आलात. तुमच्या वयापुढे बघा, अजून कितीतरी वर्षं लिहिलीत.”

मग पुढचं वय वाचलं. तिथेही वर्षं होती. त्याच्या पुढेही. मी खाली खाली वाचत गेले आणि माझाच आवाज बदलला. रोजचा तक्ता, पण हे मी कधी पाहिलंच नव्हतं. शंभरीच्या ओळीतसुद्धा शून्य नव्हतं. जो कोणी तिथवर पोचेल, त्याच्यासाठी थोडं आयुष्य ठेवलेलंच.

“मंजे जो हाय, त्याच्यासाठी अजून हाय?” बाबांनी हळूच विचारलं.

“हो.”

“अन् हिचं?”

आई शेजारीच चहा गाळत होती. बायकांचा तक्ता वेगळा. तिची वर्षं बाबांपेक्षा बरीच जास्त निघाली. मी ती वाचली आणि बाबांनी चहा गाळण्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“मंजे ही माया मागं रायन,” ते म्हणाले. “ऑपरेशन लाव, बाई. तोवर हिले नीट पाहून घेतो.”

“मंग इतके दिवस काय पाहून राहिले होते?” आई म्हणाली. कप भरून चहा बशीत सांडला, तरी ती ओततच होती.