डावीकडे पाहणारा घोडा

माझ्या कपाटात जुन्या जर्मन पोर्सिलेनच्या बावीस बाहुल्या आहेत, साधारण पन्नासच्या दशकातल्या. बदकांमागे धावणारी मुलगी, अकॉर्डियन वाजवणारा जाडा गृहस्थ, कशावर तरी नाराज असलेलं अस्वल. आणि उजवीकडे पाहणारा एक पांढरा घोडा. हा जोडीतला. डावीकडे पाहणारा त्याचा जोडीदार मी नऊ वर्षं शोधत होतो.

गेल्या हिवाळ्यात तो ऑनलाइन सापडला. चंद्रपूरच्या घरात नवीन बाहुली आणायला बायकोची बंदी आहे. म्हणून पत्ता दिला मोठ्या बहिणीचा, पोंभुर्ण्याजवळच्या गावाचा. फोनवर सांगितलं, "बाई, घोडा येईल."

चार दिवसांनी गेलो, तर बाजेवर खोकं रिकामं.

"घोडा कुठी आहे?"

"देवाले दिला ना," बहीण म्हणाली.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती नवस बोलली होती. भाऊ काठीशिवाय चालला, तर गावदेवाला घोडा. आमच्याकडे असे घोडे कुंभाराकडून आणतात, मातीचे, आणि देवाच्या झाडाखाली ठेवतात.

"तूच म्हणला घोडा येईल. मंग मी काय समजू? मले वाटलं, तुले कुंभाराचा नाई पटला."

तिला घेऊन तिथे गेलो. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली मातीचे घोडे ओळीने उभे होते. बऱ्याच जणांचे पाय गेले होते. मधोमध माझा, पुढचे पाय हवेत, कपाळाला शेंदूर. पुजारी म्हातारा गोंड. तोही घोडाच पाहत होता.

"चांगला हाये, भाऊ. पण पाय वर करून काऊन उभा हाये? देव बसंन कसा?"

मी ती संधी साधली. याच्या बदल्यात मातीचे दोन घोडे देतो म्हणालो, चारही पाय जमिनीवर असलेले. पुजारी म्हणाला, देवाला विचारू. त्याने चिमूटभर तांदूळ पानावर टाकले आणि दाण्यांच्या जोड्या लावल्या. शेवटी एक दाणा उरला, म्हणजे नकार. माझ्या विनंतीवरून पुन्हा विचारलं. पुन्हा एक उरला.

"नाई म्हंते. दिलेला घोडा वापस गेला, तं गुडघाही वापस येईल."

तेव्हा मी एक चूक केली. याचा जोडीदार माझ्या घरी एकटा आहे, असं सांगून बसलो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"मंग यालेच एकट्याले काऊन ठेवायचं इथी?" बहीण म्हणाली. "तुह्या दुसऱ्या गुडघ्यासाठी बोलू का नवस?"

"दुसरा चांगला आहे," मी म्हणालो.

परतताना शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरलो आणि तोच दुसरा गुडघा ठणकला.

"लंगडून राह्यला का रे?" तिने मागून विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि तिच्या घरापर्यंत सरळ चालत गेलो.