नीडफुल म्हणजे काय करायचं?

“आय होप धिस लेटर फाइंड्स यू इन द बेस्ट ऑफ हेल्थ.”

साळवे मॅडमनी एवढंच मोठ्याने वाचलं आणि लाल पेन टेबलावर ठेवलं.

“हाड मोडलेली म्हातारी उद्या हॉस्पिटलमधून घरी जाणार,” त्या म्हणाल्या, “आणि ही पोरगी तब्येत विचारतेय कुणाची? तर जी नर्स तिला घरी जाऊन बघणार आहे, तिची.”

वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कोण? प्रत्येकीच्या पेपरावर हीच ओळ होती. पंकज सरांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतली होती.

शहाद्यात माझा इंग्रजीचा क्लास आहे. मी चौथी शिकलेली आहे आणि इंग्रजी मला येत नाही. लोकांना याचं फार नवल वाटतं. क्लास चालवायला इंग्रजी लागत नाही. फळा लागतो, पंखा लागतो, वेळेवर येणारा सर लागतो आणि न लाजता फी मागणारी मालकीण लागते. खाली आमचं बी-बियाण्याचं दुकान होतं. आमचे मालक, म्हणजे नवरा, वारल्यावर ते मीच चालवलं. मग ब्राह्मणपुरी, म्हसावदकडची पोरं परदेशी जायला लागली. बापाची केळीची बाग सोडून तिकडे दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलायची, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायची. म्हटलं, वरची खोली रिकामी आहे. जायचंच असेल तर आमच्याकडून जा.

नर्सांची परीक्षा वेगळी असते. त्यांना एका पेशंटची टिपणं देतात. नाव, वय, आजार, ऑपरेशन, गोळ्या, घरी कोण असतं, सगळं तुटक तुटक लिहिलेलं. त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला नाहीतर नर्सला पत्र लिहायचं. बस. गोष्ट एवढीच. पण या पत्रावर आमच्या मुली धडाधड आपटत होत्या. बोलण्यात पास, ऐकण्यात पास, वाचण्यात पास आणि लिहिण्यात नापास.

त्यांतली एक एस्तेर. नवापूरच्या वरच्या डोंगरातली, ख्रिस्ती घरातली. शहाद्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. कामाला चोख. इंग्लंडच्या एका हॉस्पिटलने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण या खेपेपर्यंतच. आधी दोनदा ती पत्रातच नापास झाली होती. या वेळी नापास झाली की जागा गेली.

मी पंकज सरांना विचारलं, “सर, या पोरीचं अडतं कुठे?”

“स्पेलिंग, आक्का. स्पेलिंग कच्चं आहे. आणि लिहिते कमी. मी सांगतो, पान भरा, पान भरा.”

सर स्वतः बोर्डाच्या परीक्षेत पुरवण्यांवर पुरवण्या घेऊन पास झालेले. जास्त पानं, जास्त मार्क, हे त्यांच्या हाडात बसलेलं. त्यांनी चांगल्या चांगल्या ओळींचा एक साचा करून दिला होता. सुरुवातीला तब्येतीची विचारपूस, शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’, म्हणजे कृपया योग्य ते करावं. मधे पेशंट घाला. पेशंट हृदयाचा असो, बाळंतीण असो, साचा तोच. पोरींना तो झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. सरांना याचाच अभिमान.

मी नाशिकहून साळवे मॅडमना बोलावलं. नर्सिंग कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या, आणि अशी पत्रं तपासायचं काम केलेल्या. सरांना ते आवडलं नाही. ते मागे हाताची घडी घालून उभे राहिले. मी मागच्या खुर्चीत बसले. खोली माझी आहे, मला कोण उठवणार?

मॅडमनी फळ्यावर सहा खाने काढले. तपासणारा अख्ख्या पत्राला मिळून एकच मार्क देत नाही, म्हणाल्या. खान्याखान्याने देतो. आणि तपासणारे दोन असतात, एकाने काय दिलं ते दुसऱ्याला दिसत नाही.

पहिला खाना, पत्र कशासाठी लिहिलंय ते लगेच कळतं का. दुसरा, वाचणाऱ्याला लागेल ती माहिती आली का. तिसरा, थोडक्यात आणि स्वच्छ आहे का. चौथा, डॉक्टर-नर्सच्या कामकाजाच्या पत्रासारखं वाटतं का, की लग्नपत्रिकेसारखं. पाचवा, मांडणी. ऑपरेशनचं एका ठिकाणी, गोळ्यांचं एका ठिकाणी, घरचं एका ठिकाणी. सहावा, भाषा.

“स्पेलिंग कुठे आलं?” मॅडमनी विचारलं.

“सहाव्यात,” कुणीतरी म्हणालं.

“सहाव्यात. आणि तुम्ही वर्षभर घोटताय काय? सहावा. पहिल्या पाच खान्यांना तुम्ही हातच लावलेला नाही.”

मी सरांकडे बघितलं. सर पंख्याकडे बघत होते.

मग मॅडमनी मघाचंच पत्र, म्हणजे एस्तेरचं, पुढे घेतलं. टिपणात जेवढं होतं तेवढं तिने सगळं उतरवलं होतं. म्हातारीला लहानपणी गोवर आला होता. नवरा वारला. विणकाम आवडतं. कधीकाळी अपेंडिक्स काढलंय. मग मोडलेलं हाड, ऑपरेशन, गोळ्या. आणि सगळ्यात खाली, सही करायच्या आधी, कृपया नीडफुल करावं.

“नीडफुल म्हणजे काय करायचं त्या नर्सनं?” मॅडम म्हणाल्या. “विणकाम आणून द्यायचं?”

एस्तेर खाली मान घालून बसली.

“म्हातारीच्या जागी तुझी पेशंट आहे असं समज. ड्यूटी बदलताना ओव्हर कशी देतेस?”

ओव्हर म्हणजे एका नर्सने जाताना दुसरीला पेशंट सोपवणं. एस्तेरने मान वर केली आणि भडाभडा बोलली. “पट्टी रोज बदलायची, टाके काढायचे राहिलेत, रक्त पातळ करायची गोळी विसरते म्हणून समोर उभं राहून द्यायची, उठताना चक्कर येते, एकटी सोडू नको.”

“हेच लिही ना मग! हेच पत्र आहे.”

“मॅडम, ओव्हर तर मैत्रिणीला देते,” एस्तेर म्हणाली. “हे पत्र मोठ्या माणसाला. त्याला एकदम काम कसं सांगायचं? बरं दिसत नाही.”

मॅडमना हे काही समजेना. नाशिकचं माणूस. त्यांना वाटलं, मुलगी हट्टी आहे.

नशिबाने मधल्या सुट्टीत एस्तेरचा बाप आला. डोंगरातली माणसं घरी आपली बोली बोलतात, आमच्याशी अहिराणी. मॅडम आणि मी तेव्हा खाली चहा घेत होतो.

“कशा शे आक्का?”

“बरी शे. बठा.”

बसला. पाऊस-पाण्याचं विचारलं. आमच्याकडे पाऊस बरा शे का, त्यांच्याकडे भात बरा शे. एस.टी. ले गर्दी व्हती. मुलाच्या पायाले लागनं व्हतं, आते बरं शे. चहा आला, प्यायला. माझ्या गुडघ्याचं विचारलं. दुकानाचं विचारलं, दुकान बंद होऊन किती काळ झाला हे त्याला माहीत असून विचारलं. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. मग तो उठला, “येस मी”, म्हणजे येतो मी, म्हणाला, टोपी घातली, चपला घातल्या. आणि उंबरठ्यावर एक पाय बाहेर ठेवून मागे वळला.

“आक्का, पोरनं काम व्हई ना?”

पोरीचं काम होईल ना, नवापूरहून तो एवढंच विचारायला आला होता.

“व्हई,” मी म्हटलं, आणि तो गेला.

 मॅडम टेबलावर हात मारून हसल्या. “आक्का, हे तर एस्तेरचं पत्र! ओळीन् ओळ तेच. गोवर, विणकाम, आणि काम उंबरठ्यावर.”

आता मला यात काही नवीन नव्हतं. दुकानात मी हेच बघत आले. माणूस येणार, बाकावर बसणार, गावभरचं बोलणार, आणि निघताना म्हणणार, कपाशीचं बी द्या. आमच्याकडे आल्या आल्या काम सांगणारा माणूस उद्धट. पण ते आमच्याकडे. तपासणारा काही आमच्या बाकावर बसलेला नाही. त्याला चहा मिळत नाही. त्याच्यापुढे पत्रांचा ढीग असतो आणि पहिला खाना भरायचा असतो.

मॅडमनी तोडगा काढला. “आक्का, तुम्ही एस्तेरसमोर बसा. तुम्ही घरी जाणारी नर्स. ती काय लिहिणार ते आधी मराठीत तुम्हाला सांगेल. कंटाळा आला की उठून जा.”

“मला कंटाळा लवकर येतो,” मी म्हटलं.

“म्हणूनच तुम्ही.”

एस्तेर समोर बसली. “आक्का, तब्येत बरी ना?”

मी उठले.

“आक्का, बसा ना! बरं. एक आजीबाई आहेत, त्यांचे पती फार वर्षांपूर्वी...”

मी परत उठले. पोरी खिदळायला लागल्या.

“आक्का, तुम्ही ऐकूनच घेत नाही.”

“तू सांगतच नाहीस. मी काय करू त्या बाईचं? अंघोळ घालू, की जेवू घालू, की तिच्या नवऱ्यासाठी रडू?”

एस्तेरला राग आला. बरं झालं. “पट्टी बदला!” ती ओरडली. “उद्या ती घरी येतेय. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. रोज जाऊन पट्टी बदला आणि गोळी घेते का बघा!”

मी बसले.

“हं. आता सांग तब्येत कशी आहे. तिची, माझी नाही.”

असं आम्ही रोज केलं. नवा पेशंट, नवं पत्र. कधी मी शाळेची बाई झाले, कधी डोळ्यांचा डॉक्टर. मॅडम म्हणायच्या, वाचणारा कोण ते बघ. ज्या डॉक्टरने स्वतः पेशंट पाठवला त्याला जुना आजार पुन्हा सांगत बसू नको, त्याला माहीत आहे. जे नवीन घडलं ते सांग. गोवर गाळ. नीडफुल काढ, त्याजागी काम लिही. मधले शब्द साधे ठेव, जे दवाखान्यात तोंडात येतात ते. आणि विनवण्या नकोत. आदर प्लीजमध्ये मावतो, त्याला अख्खा परिच्छेद लागत नाही. एस्तेरचं पत्र अर्ध्यावर आलं. स्पेलिंग अधूनमधून चुकतच होतं. मॅडम त्यावर खूण करायच्या आणि पुढे जायच्या.

पंकज सर एकदा वर डोकावले. “आक्का, एवढंसं पत्र? तपासणाऱ्याला वाटेल पोरीला काही येतच नाही.”

“सर,” मी म्हटलं, “तुमच्या साच्यातल्या भरलेल्या पानांत कोण पास झालं, त्याचं नाव सांगा.”

 पुढे सरांनी बसस्टँडजवळ स्वतःचा क्लास काढला. बोर्ड माझ्यापेक्षा मोठा आहे. साचा तोच आहे. गर्दीही आहे, कारण पाठ करणं सोपं वाटतं आणि आईबापांना भरलेलं पान दिसलं की फी वसूल झाल्यासारखी वाटते.

परीक्षा देऊन एस्तेरने फोन केला. “आक्का, पहिल्या ओळीतच काम सांगितलं.”

“उद्धटपणा वाटला का?”

“खूप.”

“मग बरोबर असेल,” मी म्हटलं.

त्यानंतर काही कळलं नाही. निकाल कधी लागतो ते मला ठाऊक होतं, पण मी फोन केला नाही. नापास झालेल्या पोरीला फोन करून मी काय सांगणार होते?

एका सकाळी एस्तेरचा बाप दारात. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही नाही.

“कशा शे आक्का?”

“बरी शे. पोरनं काय...”

“पानी बरं शे का तुमनाकडे?”

मी दातओठ खाऊन बसले. भात बरा शे. एस.टी. ले गर्दी व्हती. मुलाचा पाय आते चांगला शे. चहा. गुडघा. दुकान. उठून गेले असते तर माझा हात धरायला कुणी नव्हतं, पण मी उठले नाही. तो उठला. टोपी घातली. चपला घातल्या. एक पाय बाहेर.

“पोर पास व्हयनी, आक्का. ती सांगे, आक्काले पहिले हाईच सांगजो. मी म्हनं, घरमा पाय ठेवताच असं कसं सांगानं?”

पास झालेल्या पोरीच्या बापाला मी परत आत बोलावलं आणि दुसरा चहा ठेवला.

एस्तेर इंग्लंडला गेली. आता नवीन तुकडी आहे आणि पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते. तपासणारा तुमचा पाहुणा नाही आणि तुम्ही त्याच्या पाहुण्या नाहीत. पत्र कशासाठी, ते पहिल्या ओळीत लिहा. पाऊस-पाण्याचं विचारायचं असेल तर माझ्याकडे या, मी अजून खालीच बसते.