काळ्या काचेतून दिसलेला जोड

रोह्याच्या प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंगच्या परीक्षेत मी नापास झाले. जोड टिकतो का ते बघायला तुकडा यंत्रात वाकवतात; सरांनी माझा तुकडा त्यातून काढून माझ्या हातात ठेवला. उभ्या जोडाची उजवी कड पार उघडली होती.

"डावीकडे छान भरलंयस," ते म्हणाले. "उजवीकडे लोखंड धरलंच नाय. तुझा हात कुठंतरी पळतोय."

कुठं पळतोय, तेच तर कळत नव्हतं. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे मदतनीस म्हणून लोखंड उचलता उचलता मला वेल्डर व्हावंसं वाटलं होतं. तिशी उलटून गेल्यावर ते काम सोडलं, आणि पेणच्या रामवाडीतून रोज एसटीने रोह्याला जायला लागले. वर्गात बाई मी एकटीच.

आई म्हणाली, "झालं ना गो आता? दुसरं कायतरी बघ."

"पुन्हा परीक्षा देणार," मी म्हटलं.

सर नेहमी सांगायचे, वितळलेल्या लोखंडावर नजर ठेव. मी ठेवत होते. पण नजर तिथे गुंतली, की हात काय करतोय हे बघायला कोण उरतं? तो मला बाहेरून बघायचा होता. मोबाइलवर शूटिंग करून पाहिलं. नुसता पांढरा भडका आला, त्यात काहीच दिसेना.

माझा धाकटा भाऊ कोलाडला राफ्टिंगवाल्यांकडे गाइड आहे. पर्यटकांचे व्हिडिओ काढायला तो हेल्मेटवर काडेपेटीएवढा कॅमेरा लावतो. नदीवर ऊन फार चमकतं, म्हणून त्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवायच्या फिल्टरच्या छोट्या काचा त्याच्याकडे असतात. एका काचेने पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे दगड दिसतात. बाकीच्या नुसत्याच काळसर, कॅमेऱ्याला गॉगल घातल्यासारख्या. सुट्टीच्या दिवशी त्याने सगळं माझ्या हवाली केलं.

"ताई, पाण्यात चालतो. आगीत चालंल का, माहीत नाय हां."

केंद्रात मी कॅमेरा स्टँडला बांधून जोडापासून हातभर लांब ठेवला आणि सर्वांत काळी काच बसवली. तरी व्हिडिओत पांढरा गोळाच. दोन काचा एकावर एक चढवल्या. गोळा लहान झाला, पण जोडात वितळणाऱ्या वेल्डिंगच्या रॉडचं टोक काही दिसेना. त्या काचा उन्हासाठी केलेल्या, वेल्डिंगच्या प्रकाशापुढे त्यांचा काय पाड!

मग माझ्या डोक्यात आलं, की माझे डोळे ज्या काचेमागे सुरक्षित राहतात, तीच कॅमेऱ्यालाही लागणार. वेल्डिंगच्या हेल्मेटची जादा काळी काच कपाटात होती. नदीच्या काचा काढून ती भिंगासमोर चिकटपट्टीने बसवली. पहिल्यांदा मागच्या फटीतून उजेड शिरला आणि चित्रावर धुरकट पडदा आला. चारही बाजू पट्टीने बंद केल्या. तर आता आधी सगळं काळं, रॉड पेटताक्षणी सगळं पांढरं.

भावाला फोन लावला. तो हसला. "ऑटोवर ठेवलायस. कॅमेरा अंधारात डोळे फाडून बसतो आणि उजेड आला की दिपतो. उजेडाचं माप तू स्वतः ठरव."

सर इतका वेळ लांबून बघत होते. ते आले आणि काळ्या काचेपुढे एक साधी पारदर्शक काच लावून गेले. "ठिणग्या उडून काळी काच खराब होईल," एवढंच म्हणाले.

उजेडाचं माप हाताने कमी-जास्त करत गेले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. सगळं हिरवट. मधे वितळलेल्या लोखंडाचा थेंब, त्यावर रॉडचं टोक, मागे घट्ट होत जाणारा जोड. व्हिडिओ अगदी सावकाश करून मी पुन्हा पुन्हा पाहिला. हात डावीकडे जाऊन टेकायचा, थांबायचा, लोखंड कडेपर्यंत पसरायचं. उजवीकडे पोचला की टोक उचललं जायचं आणि लगेच मागे फिरायचं. दरवेळी तसंच. मग रॉड न पेटवता हात तसाच फिरवून खाली बघितलं, तर रॉड धरायच्या होल्डरची जाड केबल जमिनीपर्यंत लोंबत होती. उजवीकडे जाताना ती ताणली जाऊन मनगटाला ओढत होती. मी मात्र इतके दिवस माझ्या हातालाच दोष देत होते.

केबल बाजूच्या खांबाच्या हुकावर टांगली आणि पुन्हा जोड केला. हात हलका झाला, पण उजवीकडून पळायची सवय लगेच सुटेना. मग रोज एक तुकडा करायचा, त्याचा व्हिडिओ बघायचा आणि दुसरा करायचा, असं चालू ठेवलं. खांदे भरून यायचे, डोळ्यांत घामाचं मीठ उतरायचं. एसटीत बसल्यावरही माझा उजवा हात मांडीवर डावीकडे, उजवीकडे फिरत राहायचा. उजवीकडे थांबायचं, हे त्याला शिकवत होते.

दुसऱ्या परीक्षेला सरांनी तुकडा यंत्रात घातला, तेव्हा मी नजर हटवली नाही. तुकडा वाकत वाकत घोड्याच्या नालेसारखा झाला. सरांनी जोडावरून अंगठा फिरवला, मग मलाही फिरवायला लावला. कुठेही चीर नव्हती.

आता मी पुन्हा डोलवीला जाते, वेल्डर म्हणून. पहिल्या दिवशी सुपरवायझरने उंच मचाणाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, वर चढणार काय?"

"चढणार," मी म्हटलं. "आधी केबल अडकवायला वर हुक आहे का, ते सांगा."